चार माग, चार टेबलं

मी एकदा एक्क्यांची जोडी, म्हणजे पोकरमधली सगळ्यांत भारी पानं, फोल्ड केली आहे, न खेळता टाकून दिली आहे. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं, यायच्या आधीच. एक बदामाचा, एक इस्पिकचा. पोकर खेळणाऱ्या कुणाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मी पिलेला होतो काय विचारतो. पिलेला नव्हतो. लॅपटॉपवर दोन टेबलं एकावर एक उघडी होती. एकावर सत्ती-दुर्री आलेली, म्हणजे पोकरमधली सगळ्यांत फालतू पानं. ती टाकायला माउस नेला आणि बोट दाबता दाबता दुसऱ्या टेबलावर माझी पाळी आली, ती खिडकी टुणकन पुढं आली आणि क्लिक तिच्यावर पडला. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. ते गेले, आणि सत्ती-दुर्री हातात राहिली.

आमच्याकडं पत्ते म्हणजे गणपतीतलं जागरण. मांडवामागं सतरंजी, रम्मी नाहीतर तीन पत्ती, आणि वाटणाऱ्याला बायकोचा फोन आला की सगळ्यांनी थांबायचं. खऱ्या टेबलावर पोकरचे तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन सहा जणांच्या टेबलावर सत्तरेक होतात, कारण पिसणं नाही, चिप्स मोजणं नाही. त्यातले पाऊण डाव नीट खेळणारा माणूस टाकूनच देतो. मग उरलेल्या वेळात करायचं काय? म्हणून दुसरं टेबल लावायचं. सगळ्यांची सुरुवात अशीच होते.

माझी मात्र शिनोळीत झाली. ५ ऑक्टोबर २०२१ पासून कर्नाटकात पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद झाले आणि ॲपनं आमचं लोकेशन बघून दार लावून घेतलं. आमच्या बेळगावातनं वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. रविवारी गाडी काढायची, तिथं चहाच्या टपरीवर बसायचं, मोबाईलवर एक टेबल लावायचं. टपरीवाला म्हणायचा, "काय गा, बेळगावात चहा मिळत न्हाई काय?" सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, मी माझ्यापुरता तो तीन चहांत सोडवला होता. १४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं तो कायदा रद्द केला, आणि मी अनगोळातल्या घरी लॅपटॉपवर बसलो. एक्के गेले ते त्याच महिन्यात.

आता मामांचं सांगतो. वडगावात त्यांची मागाची शेड आहे, चार पॉवरलूम, साडीचे. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, ओठांवरून समजून घ्यायचं. लहानपणापासून मी तिथं जातोय, पण मामा नेमकं काय करतात हे कधी बघितलंच नव्हतं. एका रविवारी मामींनी डबा घेऊन पाठवलं, मामांना सवड नव्हती, म्हणून पोत्यावर बसून बघत राहिलो. मामा पहिल्या मागाला पाठ करून उभे. तिसऱ्याच्या धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडातली, सुताची कांडी बदलताना एकदम मान न वळवता डावा हात मागं नेला आणि पहिल्याचा दांडा ओढला. माग थांबला. मग वळून बघितलं.

जेवताना विचारलं, कसं कळलं? म्हणाले, "आवाज बदलला की. डोळ्यानं चार माग बघाय येत न्हाईत. चारी आवाज कानात बसलेले असतात, एक खोटा पडला की बघायचं."

दुसरी गोष्ट त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितली, आणि मला तीच जास्त उपयोगी पडली. बाणा म्हणजे कापडातला आडवा धागा, ताणा म्हणजे उभा. "बाणा तुटला तर माग आपला आपण थांबतो. त्याला भ्यायचं न्हाई. ताण्याचा धागा तुटला तर थांबत न्हाई. कापड येत राहतं, खोट घिऊन."

मी घाबरत होतो ते बाण्याला. वेळ संपून डाव आपोआप फोल्ड होईल म्हणून धावत होतो. पण तसा फोल्ड झालेला डाव दिसतो, चुटपुट लागते, तेवढ्यावर मिटतं. माझा ताणा दुसरीकडं तुटत होता. घाईत पहिल्या जागेवरून, म्हणजे सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं तिथून, राजा-नव्वी खेळायची, गुलाम-अठ्ठीला 'बघू तर' म्हणून कॉल करायचा, म्हणजे समोरच्याएवढे पैसे लावायचे. त्यानं कुठलीच घंटी वाजत नाही. रात्री अकराला बघावं तर तीन टेबलांवर दोन-दोनशे गेलेले, आणि एकही मोठा डाव हरल्याचं आठवत नाही.

मग कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं तक्ता केला. कुठल्या जागेवरून कुठली पानं खेळायची आणि कुठली टाकायची. राजा-नव्वी पहिल्या जागेवर टाकायची, बटनावर, म्हणजे शेवटच्या जागेवर, कुणी आधी आलं नसेल तर रेझ, म्हणजे रक्कम वाढवायची. तो पाठ होईस्तोवर दुसरं टेबल लावायचं नाही. खिडक्या एकावर एक न ठेवता स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत ठेवल्या. उड्या मारणं बंद. आणि चारी टेबलं एकदम लावायची नाहीत, पाच-पाच मिनिटांनी एकेक. मामाही चारी कांड्या एकदम संपू देत नाहीत.

उद्यमबागला फाउंड्रीत हिशेब बघतो, त्यामुळं वहीची सवय आहे. एका टेबलावर शंभर डावांमागं मला सहा बिग ब्लाइंड, म्हणजे डावाआधी लावावी लागणाऱ्या ठरीव रकमेच्या सहापट, सुटत होते. सत्तर डावांचा तास धरला तर चार. चार टेबलांवर शंभरामागं तीनच, पण तासाला २८० डाव, म्हणजे आठ. या आकड्यांनी डोकं फिरलं आणि सहा टेबलं लावली. तीन आठवड्यांत शून्य. शून्य म्हणजे नशीबच.

कमी का होतात हेही कळलं. एका टेबलावर समोरचा माणूस दिसतो. एक जण होता, तो रिव्हरला, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पान उघडल्यावर, मोठी बेट लावायचा तेव्हा त्याच्याकडं खरंच पानं असायची, कधीच थाप नाही. मला ते पाठ होतं. चार टेबलं लावल्यावर त्याच माणसाला मी दोनदा कॉल केला, कारण तो मला माणूस वाटलाच नाही, चिप्सचा ढीग वाटला. नंतर अशांच्या नावाला लाल खूण करून ठेवू लागलो. बायको म्हणायची, माझ्या वाढदिवसाला पण एक लाल खूण कर.

पुढचं थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी आला आणि वहीतला नफा पातळ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद करणारा केंद्राचाच कायदा आला, आता शिनोळीला जाऊनही काही होणार नव्हतं. शिल्लक काढून घेतली. फुकटच्या चिप्सवर चार टेबलं लावून बघितली, पण तिथं कुणी फोल्डच करत नाही. सत्ती-दुर्रीवाला पण शेवटपर्यंत येतो आणि जिंकतो.

परवा मामांची कंबर धरली होती. शेडवर बोलावलं, दोन माग चालू करून दिले, दोन बंद ठेवले. कानाशी येऊन ओरडले, "दोनच बघ. तिसऱ्याकडं जाऊ नको." बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.

पंधरा मिनिटं दोन्ही बरे चालले. मग मी तिसऱ्याच्या दांड्याला हात घातला. बाहेरून मामांचा आवाज आला, "कळलं हं."