फराळाला ट्रम्प आणि कमला

2024 च्या दिवाळीत, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राकडे फराळ होता, पण चकलीपेक्षा जास्त कडकड ट्रम्प आणि कमला हॅरिसचीच. एक काका म्हणे ट्रम्प आला की महागाई आटोक्यात, बॉर्डर टाइट, आणि हे ऐकवतायत कोणाला तर ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या पोरांना! वहिनींचं मत कमलाला, का तर तिची आई चेन्नईची, बास. मग अबॉर्शनच्या हक्कावर आल्या तेव्हा मात्र मला पटलं, 2022 ला सुप्रीम कोर्टाने तो हक्क देणारा जुना निकाल फिरवल्यापासून मुलींच्या आया खरंच धास्तावल्यात यार. बाकी न्यू जर्सीची 14 इलेक्टोरल मतं (राज्यनिहाय ठरलेली, अध्यक्ष निवडणारी मतं) 1992 पासून डेमोक्रॅट्सनाच, म्हणजे कमलाच्या पक्षालाच जातायत, खरी मारामारी होती शेजारी पेनसिल्व्हेनियात, 19 मतांसाठी. आणि घसा ताणणाऱ्यांपैकी निम्म्यांना मतदानाचा हक्कच नाही, मी पण त्यातलाच 😄