‘येतो’चे ‘येते’

कथेची भाषा सरळ ठेवता येत नाही का, हा प्रयोगाचा अट्टहास कशासाठी, असे वाचक मला वरचेवर विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

माझ्या एका कथेतली खानापूरकडची आई उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणते, ‘मी बाजारला जाऊन येतो.’ आमच्या बेळगाव भागात बायका सर्रास असेच बोलतात. पण एका संपादकांनी ‘येतो’चे ‘येते’ करून कथा छापली. त्यांना ती चूक वाटली, आणि हस्तलिखित वाचलेल्या एका मित्राला तो भाषिक प्रयोग वाटला. खरे तर ते दोन्हीही नव्हते. अवतरणचिन्हांच्या कुंपणात बोली नांदते आणि कुंपणाबाहेर निवेदक प्रमाण मराठीत सगळे समजावून सांगतो, ही रीत जुनीच आहे. निवेदकाचीच भाषा डळमळू लागते, तेव्हा कुठे प्रयोग सुरू होतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’ कादंबरीत नायक पांडुरंग सांगवीकर आपण ‘उदाहरणार्थ’ पंचवीस वर्षांचा असल्याचे सांगतो. वय हे कशाचे उदाहरण नसते. पण त्या एका अस्थानी शब्दामुळे हा माणूस स्वतःच्या आयुष्याकडे मासला म्हणून पाहतो आहे, हे लख्ख कळते. (मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत संज्ञाप्रवाह, म्हणजे मनातल्या विचारांचा अखंड ओघ, १९४२ सालीच आणला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) उलट, आमच्याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णींनी वाक्य शाबूत ठेवले आणि धाडस केले ते प्रतिमांत. तेव्हा वाक्य मोडलेच पाहिजे असे काही नाही.

माझ्यावर ती वेळ आली ती तलाठ्याच्या टेबलापुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याविषयी लिहिताना. त्याला कानडी बोललेले समजते, वाचता येत नाही. आणि हातातला उतारा कानडीत आहे. आधी मी लिहिले, ‘कारकुनाने त्याला उद्या यायला सांगितले. तो खिन्न झाला.’ व्याकरण निर्दोष होते, पण म्हातारा त्यात कुठेच नव्हता. मग अवतरणचिन्हे काढली, भाषांतर काढले, कारकुनाचे ‘उद्या या’ कानडीतच राहू दिले: नाळे बर्री म्हणतो, काल पण नाळे, हे गोल गोल काय लिवलंय, ह्यात अण्णाचं नाव कुठलं, अण्णा हाक मारायचा बांधावरनं, नाळे बर्री.

त्या वाक्याला पूर्णविराम मिळाला, तो म्हातारा कचेरीच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्यावर.