बॅग कुठपर्यंत?

विमानाचं तिकीट स्वस्तात काढून देणारा एक तरी भाचा प्रत्येक घरात असतो. आमचा कॉलेज रोडला राहतो आणि रात्री अकरानंतर कामाला लागतो. लोक झोपले की भाडी उतरतात, असं त्याचं ठाम मत आहे. शेजारच्या काका-काकूंचं लेकीकडे म्युनिकला जायचं ठरलं, तेव्हा त्याचा मेसेज आला तोही असाच अपरात्री. "मावशी, ओझर-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली-म्युनिक दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं तर भरपूर वाचतात. काकांना विचार, काढून टाकू का?" (ओझर म्हणजे आमचा नाशिकचा विमानतळ.)

काकांना त्यातलं 'वाचतात' एवढंच ऐकू आलं. काकूंनी मात्र नेमकं विचारलं, "आणि बॅगा कुठे मिळणार गं?"

आमच्या सोसायटीत कुणी परदेशी निघालं की बॅगा भरायला आणि तिकीट नजरेखालून घालायला मला बोलावणं येतं. हा मान मला कशामुळे मिळाला ते ठाऊक आहे. हाताने उचलून वजन करायचा काटा फक्त माझ्याकडे आहे. पण इतकी वर्षं लोकांची तिकिटं वाचून माझं एक मत झालंय. माणसाचं काय, तो विचारत विचारत पोचतो. बॅगेला विचारता येत नाही. तिच्या गळ्यात जे लिहून बांधलं असेल, तेवढंच तिला कळतं.

ती पट्टी एकदा निवांत वाचून बघा. काउंटरवर बॅग ठेवली की छोट्या यंत्रातून ती सरसर बाहेर येते, हँडलमधून ओवली जाते, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटतात. तिचाच एक चिमुकला तुकडा बॅगेच्या अंगावर बसतो आणि एक आपल्या बोर्डिंग पासच्या पाठीवर. पट्टीवर बारकोड आणि त्याखाली दहा आकडे. पहिला आकडा बहुधा शून्य, पुढचे तीन विमान कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, आणि उरलेले सहा तुमच्या बॅगेचे स्वतःचे. आणि ठळक छापलेली तीन अक्षरं. ओझरसाठी आयएसके, मुंबईसाठी बीओएम, म्युनिकसाठी एमयूसी. लोक गेट नंबर वाचतात, खिडकीची सीट आहे का ते बघतात. मी आधी ती तीन अक्षरं वाचते. तिथे डीईएल छापलं असेल तर बॅग दिल्लीच्याच पट्ट्यावर फिरत बसणार, मग तुमच्या मनात म्युनिक असो नाहीतर मनमाड.

(जाता जाता एक. मागच्या प्रवासाची पट्टी फाडून टाकावी. यंत्राला दोन बारकोड दिसले की ते गोंधळतं. पण आपल्याकडे ती फाडायला जीव धजत नाही. माळ्यावरच्या बॅगेला ती लोंबत असते, आणि पाहुण्यांची नजर तिच्यावर जावी अशाच बेताने बॅग ठेवलेली असते.)

आता काकूंच्या प्रश्नाकडे. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील तर त्या कंपन्यांचं आपसात आधीच ठरलेलं असतं. त्याला इंटरलाइन करार म्हणतात. ती एक सोयरीकच असते. आमच्याकडचा माणूस तुमच्याकडे आला तर त्याचं सामानसुमान नीट आत घ्यायचं, देण्याघेण्याचं आपण मागाहून बघू. तिकिटं वेगवेगळी काढली की ही सोयरीक तुटत नाही, फक्त तुमच्या कार्याला कुणी आहेर करत नाही. पहिली कंपनी म्हणते, दिल्लीला आणून सोडलं, आमचा संबंध संपला. दुसरी म्हणते, तुम्ही आमच्या काउंटरवर उभे राहाल तेव्हा आमचा सुरू होईल. मधल्या जागेत पट्ट्यावरून बॅग उतरवणारे, ट्रॉली ढकलणारे, लिफ्ट शोधणारे आणि पुन्हा रांगेत उभे राहणारे आपण. भाच्याने वाचवलेले पैसे ही त्या हमालीची मजुरी असते, आणि ती आपल्यालाच आगाऊ मिळालेली असते.

तिकीट एक आहे की दोन, हेही आता चटकन कळत नाही. काही साइटवाले दोन तिकिटं एकाच पानावर, एकाच रकमेत विकतात. आपल्याला वाटतं, एकदाच पैसे भरले म्हणजे एकच तिकीट. पीएनआर मोजून उपयोग नाही, कारण एकाच तिकिटावर दोन कंपन्यांचे दोन पीएनआर असू शकतात. बघायचा तो ई-तिकिटाचा १३ आकडी नंबर. जाण्याच्या दोन्ही विमानांना तोच नंबर असेल तर निश्चिंत झोपावं. नसेल तर भाच्याला फोन लावावा.

मग दोन तिकिटं असली की बॅग कधीच थेट जात नाही का? तर जातेही. दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची असतील, किंवा दोन कंपन्यांचा करार असेल, तर पुढचं तिकीट दाखवल्यावर काही कंपन्या शेवटपर्यंतची पट्टी लावून देतात. काही कंपन्या स्वतःच्याच दोन तिकिटांनाही नकार देतात. स्वस्तातल्या बहुतेक कंपन्या तर या भानगडीत पडतच नाहीत. हे सगळं त्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं, पण आपला विश्वास नियमापेक्षा काउंटरवरच्या माणसावर जास्त. "ताई, जरा बघा ना, पुढचंपण तिकीट आहे, सोबत वयस्कर माणूस आहे." हे वाक्य लागू पडताना मी पाहिलंय, आणि त्याच आवाजात म्हणूनही वाया जाताना पाहिलंय. लागू पडलं तर आनंद आहे. त्याच्या भरवशावर मधे दोनच तास ठेवून तिकीट काढणाऱ्याला मात्र मी बॅग भरू लागत नाही.

पण खरी गंमत वजनात आहे, आणि ती भाच्यांच्या हिशेबात कधीच नसते. देशातल्या विमानांत साध्या तिकिटावर साधारणपणे माणशी १५ किलो सामान पोटात टाकता येतं. युरोपच्या तिकिटावर बहुधा २३ किलोची एक बॅग. तिकीट ओझरपासून म्युनिकपर्यंत एकच असेल तर हे २३ किलो ओझरपासूनच धरले जातात. वेगळं असेल तर ओझरची कंपनी म्हणणार, तुम्ही पुढे म्युनिकला जा की आणखी कुठे, आमच्याकडे पंधराच. म्हणजे दोघांचे मिळून ४६ किलो दिल्लीला चालणार आणि ओझरला तीसच. मधल्या सोळा किलोंचे पैसे काउंटरवर किलोकिलोने मोजायचे. मी हे सांगितलं तेव्हा भाचा पहिल्यांदाच दिवसाउजेडी गंभीर झालेला पाहिला.

बॅग भरायला गेले तेव्हा काकूंनी दिवाणावर सगळं मांडूनच ठेवलं होतं. चिवड्याची पाकिटं, मनुका, गोडा मसाला, भाजणी, कुरडया, लेकीसाठी येवल्याची पैठणी, जावयासाठी स्वेटर. (जर्मनीत स्वेटर मिळत नाहीत, अशी काकूंची समजूत आहे.) डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा तेवढा अजून स्वयंपाकघरात होता. बॅग भरून मी काट्याचा हूक हँडलला अडकवला. काकांनी श्वास रोखून ती दोन्ही हातांनी वर उचलली, मी वाकून बघितलं. आकडा थरथरत २४.६ वर थांबला. "यांचाच हात हलतोय," काकू म्हणाल्या. पुन्हा उचलली, २४.५. मग काढाकाढी सुरू झाली. चिवड्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. काकांच्या दोन शर्टांचा बळी गेला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मी आधीच बाहेर काढल्या होत्या, त्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. पॉवर बँक तर बॅगेत टाकायचीच नाही, ती हातातच न्यायची. पेढे आणि तूप यांच्यावर काकू अडून बसल्या. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे त्यांना पटेना. "घरचं कढवलेलं आहे," एवढंच त्या म्हणत राहिल्या. पैठणी मात्र कुणी न सांगता हातातल्या पर्समध्ये गेली. त्यांचा विमान कंपनीवर किती विश्वास आहे, ते मला तेव्हाच कळलं.

भाचा एवढ्याने हार मानणारा नव्हता. त्याने आणखी स्वस्त पर्याय आणला, मधे तिसऱ्याच देशात विमान बदलायचं, तेही दोन तिकिटांवर. हा तर मी दारातूनच परत पाठवला. बॅग थेट जाणार असेल तर आपण विमानतळाच्या आतल्या आत एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जातो. बॅग उतरवून घ्यायची तर पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि पलीकडे जायचं तर त्या देशाचा व्हिसा लागतो. दिल्ली आपली, तिथे अडवणारं कुणी नाही. पण लंडनला पट्ट्यापर्यंत पोचायचं तर भारतीय पासपोर्टवाल्याला नुसतं "माझी बॅग आहे हो तिकडे" म्हणून भागत नाही. असा प्रवासी पहिल्याच विमानात बसवून घेतला जात नाही.

येतानाचं आणखी वेगळं. तिकडून एकच तिकीट असलं, पट्टीवर आयएसके छापलेलं असलं, तरी परदेशातून आल्यावर देशातल्या पहिल्या विमानतळावर बहुतेक वेळा बॅग स्वतः उचलून कस्टम्समधून बाहेर काढावी लागते आणि देशातल्या पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवावी लागते. अमेरिकेत शिरतानाही हेच. लोक पट्टीवरची अक्षरं वाचून खुशाल पुढच्या गेटकडे चालू लागतात आणि बॅग दिल्लीत गोल गोल फिरत राहते. कुणी परत येणार असलं की मी हे आदल्या दिवशी फोन करून बजावते. उचला, दाखवा, सोपवा.

आणि समजा पहिलं विमान उशिरा आलं. एका तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची डोकेदुखी. तिकीट विकतानाच त्या विमानतळावर बदलायला किमान किती वेळ लागतो ते बघून दोन विमानं जोडलेली असतात. दोन तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. नो-शो. त्यात बाईट हे की त्या तिकिटावरचं पुढचं सगळं, परतीचं विमानसुद्धा, बहुधा रद्द होतं. काउंटर तर विमानाच्या साधारण तासभर आधीच बंद होतो, त्यामुळे बॅगेची वाट बघत पट्ट्याजवळ घालवलेलं प्रत्येक मिनिट त्यातूनच कापलं जातं.

बॅग हरवली तरी हाच फरक. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली आला. बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरता येतं, आणि भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं परिमाण, त्याचे रुपये रोज बदलतात. प्रवास एकच धरला गेला असेल तर पहिल्या कंपनीकडेही दाद मागता येते आणि शेवटच्याही. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिली दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी पहिलीकडे, आणि आपण मधे उभे. ज्या विमानतळावर बॅग मिळाली नाही तिथून बाहेर पडण्याआधी तक्रारीचा पीआयआर नंबर घ्यायचा, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

हे सगळं ऐकून काकांनी परवा निकाल दिला. ओझर नको, दिल्लीही नको. मुंबईहून एकच तिकीट काढायचं आणि मुंबईपर्यंत गाडी करायची. "आता समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालाय. कसारा घाटाची कटकट नाही. डिकीत बॅगा टाकल्या की पट्टी नको न् काही नको."

"म्हणजे गाडी हे वेगळं तिकीटच झालं की काका," भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "भिवंडीला ट्रॅफिकमधे अडकलात तर विमान थोडंच थांबणार आहे?"

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "दुपारीच निघू. तिथे जाऊन बसू."

काकू केव्हाच आत गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली, "म्हणजे आता माणशी तेवीस नक्की ना? काटा नेऊ नकोस हो एवढ्यात, मी लाडवांचा डबा घेऊन येते."