काळी तार, काळी रेघ

चाचणीसाठी डुकराच्या हृदयधमनीत बसवलेला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी तारेची जाळीदार नळी, साधारण २८ दिवसांनी धमनीसकट काढतात. तो मेणात बसवून नेहमीसारखा कापायला गेलं तर धातूपुढे पातं टिकत नाही, ऊतीच्या चिंध्या होतात. म्हणून रेझिनमध्ये बसवून करवतीने काप घ्यायचे आणि घासून पातळ करायचे. परळच्या आमच्या लॅबमध्ये हे काम एक काका करतात. त्यांच्या कापात मी तरी कधी खोट काढलेली नाही.

पुढचं माझं. स्कॅन केलेल्या चित्रात सॉफ्टवेअर दोन रेघा आखतं: एक पोकळीच्या कडेने, दुसरी आतल्या इलास्टिक लॅमिनावरून, म्हणजे धमनीच्या भिंतीतल्या पातळ लवचीक थरावरून. दोन्हींमधली ऊतीची नवी वाढ भागिले लॅमिनाच्या आतलं क्षेत्रफळ, म्हणजे टक्क्यांत अडथळा.

त्या दिवशी एका कापाचा आकडा ६० आला. काका मागून पडद्याकडे बघत म्हणाले, “मॅडम, ही रेघ तारेला वळसा घालून का जातेय?”

खरंच जात होती. इलास्टिकच्या स्टेनमध्ये, म्हणजे हा थर उठून दिसावा म्हणून दिलेल्या रंगात, लॅमिना काळी दिसते आणि स्टेंटची तारही काळीच. तारेने जिथे लॅमिना फाडली होती, तिथे सॉफ्टवेअर सरळ तारेवर चढून तिच्या बाहेरून फिरत होतं. लॅमिनाच्या आतलं क्षेत्रफळ ७ ऐवजी ७.५ चौरस मिलिमीटर. तुटलेली टोकं हाताने जोडल्यावर अडथळा ५७ टक्के.

सर म्हणाले, “तेवढा एक दुरुस्त कर आणि संध्याकाळपर्यंत पाठव. तीन टक्क्यांनी काय होतंय?”

इथेच माझं बिनसलं. चूक कुठेही पडली असती तर सरासरीत विरली असती. पण ही पडते नेमकी लॅमिना फाटलेल्या जागी, आणि जखम जितकी खोल तितकी वाढ जाड, हे श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच दाखवलंय. म्हणजे जो स्टेंट जास्त जखम करतो, त्याचाच आकडा आणखी फुगणार. शिवाय हा एकच काप डोळ्यांत का भरला? आकडा मोठा होता म्हणून!

“सर, केले तर सगळे करू. कोणता काप कोणत्या स्टेंटचा हे सांगणारे गटांचे कोड न उघडता.”

ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे याला होकार समजतात. वरचे, मधले, खालचे, सगळे काप पुन्हा हाताने आखले. ग्राहकाला उशिराचं पत्र सरांनीच लिहिलं, जरा कुरकुरत.