गेल्या 30 दिवसांत

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीचे काम जुलै 2017 मध्ये सुरू झाले, तेव्हा मी क्षेत्र-अन्वेषक होतो. शिक्षणाच्या प्रश्नावलीत घरातील पाच वर्षांवरील प्रत्येकाबद्दल विचारायचे होते : संगणक चालवता येतो का, इंटरनेट वापरता येते का, आणि गेल्या 30 दिवसांत ते वापरले का? होय असेल तर 1, नाही तर 2. जगातील समाज डिजिटल तंत्रज्ञानाचा लाभ घेण्यास कितपत सज्ज आहेत हे मोजणारे मोठमोठे निर्देशांक निघतात. त्यांच्या मुळाशी असे ओसरीवर बसून लिहिलेले आकडे असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

सप्टेंबरात जत तालुक्यातील एका गावी होतो. शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरण्याचे ते दिवस होते. ज्या घरी गेलो तेथील वृद्ध कुटुंबप्रमुखांचा अंगठा अर्ज भरण्याच्या केंद्रातील यंत्राला ओळखता येत नव्हता, कारण कष्टाने बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. चौथ्या खेपेला एकदाचा अर्ज गेला आणि केंद्रचालकाने दिलेली पावती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. इंटरनेटचा प्रश्न येताच ते म्हणाले, “आमच्यात कुणाला येतंय त्यातलं? समद्यांचं न्हाई म्हणून लिवा.”

मी सुनेपुढे 2 लिहीत होतो, तोच दाराआडून आवाज आला, “मामा, बेलाउजची कटिंग मी कशावर बघते मग?”

नवऱ्याचा फोन रात्री तिच्या हाती येई. एकाच गळ्याचे तीन-चार व्हिडिओ ती पाही, ज्याचे माप खरे बसेल असे वाटे त्यावरून गल्लीतल्या बायकांचे कापड बेती आणि शिवून झाल्यावर त्याचा फोटो माहेरी भावजयीला व्हॉट्सअॅपवर पाठवी. आमच्या सूचनांनुसार माहिती शोधणे, पारखणे आणि इतरांना कळवणे जमले, की इंटरनेट वापरता येते असे धरायचे होते. या व्याख्येला इतके चपखल उत्तर मला शहरातल्या पदवीधरांकडूनही क्वचितच मिळाले असेल. मी 2 खोडून 1 केला. “त्याला इंटरनेट म्हणत्यात व्हय?” असे तिनेच वर विचारले.

सासऱ्यांपुढे मात्र 2 कायम ठेवावा लागला. शासनाच्या हिशेबी त्यांचा अर्ज ऑनलाइन आलेला होता, माझ्या हिशेबी त्यांनी इंटरनेट वापरलेलेच नव्हते. आणि दोन्ही नोंदी बिनचूक होत्या. ती पावती हाती धरून मी बराच वेळ गप्प बसलो, हे कबूल करतो.

या फेरीच्या अहवालात पुढे आले, की देशाच्या ग्रामीण भागातील 14.9 टक्के आणि शहरी भागातील 42 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, तर ग्रामीण स्त्रियांपैकी केवळ 8.5 टक्के जणींना ते वापरता येत होते. दरी खोटी नव्हती, पण हा आकडा वाचताना मला त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. सकाळी पूर्ण केलेल्या दोन घरांत स्त्रियांची उत्तरे पुरुषांनीच दिली होती, म्हणून मी परत गेलो. पहिल्या घरात सुनेला स्वतः विचारल्यावर 2 चा 1 झाला. दुसऱ्या घरातील बाई दिवेलागणीपर्यंत शेतावरून आली नव्हती, आणि माझी परतीची शेवटची एसटी फाट्यावर येण्याची वेळ झाली होती. तिच्यापुढे दिराने सांगितलेला 2 तसाच राहिला.