लपवायचं काही नाही, तर घाबरता कशाला?

मी स्वयंसेवी संस्थांचे हिशोब बघते असं कळलं की लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "लपवण्यासारखं काही नाही ना तुमच्यात? मग सरकारने नियम केले तर एवढी ओरड कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा खोट नसते. त्याने एखादी कागदावरची संस्था पाहिलेली असते. मीही पाहिल्या आहेत: बाहेर वसतिगृहाची पाटी, आत खताच्या गोण्या. त्यामुळे हिशोब मागूच नयेत असं मी म्हणणार नाही.

आणि हिशोब आम्ही देतोच. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. दरवर्षी ऑडिट होऊन ताळेबंद धर्मादाय कार्यालयात जातो. विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत नवा विश्वस्तही कधीकधी थकून जातो. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते त्या ८०जीची नोंदणी आता दर पाच वर्षांनी नव्याने करायची, देणगीदारांची यादी त्या खात्याला वेगळी कळवायची. (धर्मादायच्या त्याच नोंदवहीत पुढाऱ्यांच्या मोठमोठ्या शिक्षणसंस्थाही आहेत. त्यांना एसटीत कोणी हा प्रश्न विचारत नाही, ते एसटीने जात नाहीत म्हणूनही असेल.) यात कटकट आहे, पण भीती नाही. चुकलं तर दंड भरायचा, कागद पुन्हा लावायचा.

भीती आहे ती परदेशी देणग्यांच्या कायद्याची, एफसीआरएची. हा कायदा मूळचा १९७६ चा, आणीबाणीतला. तेव्हा मुख्य रोख पक्ष, उमेदवार, न्यायाधीश, पत्रकार यांच्यावर होता. पुढे जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाशी जवळीक असलेल्या गांधीवादी संस्थांमागे सरकारने नेमलेला कुदाल चौकशी आयोग लागला, आणि ८० च्या दशकाच्या मध्यावर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची झाली. २०१० च्या नव्या कायद्याने ती नोंदणी पाच वर्षांपुरती केली. म्हणजे यात सगळ्या सरकारांचा हात आहे. एकमत तर इतकं की २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी मालकीच्या वेदांत समूहातल्या कंपन्यांच्या देणग्या घेऊन हा कायदा मोडल्याचं म्हटलं, तर २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून 'परदेशी' कोणाला म्हणायचं हीच व्याख्या मागच्या तारखेने बदलली गेली, थेट १९७६ पर्यंत. पक्षांना मिळालेली ही सवलत मी प्रश्न विचारणाऱ्यांना नेहमी सांगते. त्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही.

आमच्यासारख्यांचं कंबरडं मोडलं ते २९ सप्टेंबर २०२० पासून. कोविड ऐन भरात होता. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद केलं. आतल्या तालुक्यांत काम कसं चालतं हे माहीत नसलेल्याला यात काही वावगं वाटणार नाही. मुंबई-पुण्यातली मोठी संस्था निधी आणायची, कागदपत्रं सांभाळायची, आणि पाड्यावर काम करणाऱ्या चार-पाच जणांच्या गटाला त्यातले दोन-तीन लाख द्यायची. त्या गटाकडे इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारं कोणी नसायचं, पण कोणत्या घरात कुपोषित मूल आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. तो पैसा थांबला.

त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. ऐकायला छानच वाटतं. पण त्या २० टक्क्यांत काय काय धरायचं? ऑफिसचं भाडं, गाडीचं डिझेल, हिशोबनीस, अहवाल लिहिणं, वकिलाची फी. रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार मात्र यात येत नाही. त्यामुळे दवाखाना चालवणाऱ्याचं भागतं. वनहक्काचे दावे लावून धरणाऱ्याचं, ज्याचं कामच वकील, प्रवास आणि कागद आहे, त्याचं कसं भागणार? गोळ्या वाटा, भांडू नका, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. माझ्या खतावणीत मात्र ते दिसतं.

आणखी एक. परदेशातून येणारा प्रत्येक रुपया आधी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच उतरला पाहिजे. संस्था गडचिरोलीची असो की गोव्याची. निधी पुढे देण्यावरची बंदी आणि दिल्लीतल्या खात्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये वैध ठरवली. परदेशी देणगी घेणं हा अनिर्बंध हक्क नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. ठीक. पण पारदर्शकतेचं म्हणाल तर त्याच वर्षीच्या जुलैत गृह मंत्रालयाच्या वेबसाइटवरून संस्थांचे वार्षिक हिशोब आणि परवाने रद्द झालेल्यांची यादी काढून टाकली गेली. लपवायचं काही नाही तर, हा प्रश्न तिथेही विचारायला हवा.

तरी हे नियम पाळता येतात, आणि आम्ही पाळतो. घाबरवतं ते दर पाच वर्षांनी येणारं एफसीआरए परवान्याचं नूतनीकरण. अर्ज करायचा आणि वाट बघायची. मध्ये कित्येक वर्षं मंत्रालय सगळ्या प्रलंबित संस्थांची मुदत तीन-तीन, सहा-सहा महिन्यांनी वाढवत राहिलं, म्हणजे नोकरीवर ठेवलेल्या परिचारिकेला आम्ही पुढच्या तिमाहीचं वचन देऊ शकत नव्हतो. २०२१ च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं नूतनीकरण नाकारलं गेलं, आणि पंधरवड्यात ते परतही मिळालं. ऑक्सफॅम इंडियाला मिळालं नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीतल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संशोधन संस्थेचा परवाना रद्द झाला. परवाना रद्द झाला की तीन वर्षं पुन्हा नोंदणी नाही, आणि परदेशी निधीतून घेतलेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते.

आता असल्या बातम्या वाचून गावातल्या संस्थेची बैठक कशी होते ते सांगते. अहवालाचा मसुदा समोर असतो. कोणीतरी हळूच म्हणतं, 'हक्क' कशाला, 'सेवा' लिहू. मोर्चाचा फोटो काढून वृक्षारोपणाचा घालू. धरणग्रस्तांच्या निवेदनावर सही व्यक्ती म्हणून करा, संस्था म्हणून नको. खरं तर मार्च २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नाला बंद किंवा हरताळ अशा मार्गाने पाठिंबा दिला, म्हणून तिला राजकीय ठरवता येत नाही. तो निकाल मी बैठकीत वाचून दाखवला आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि फोटो वृक्षारोपणाचाच छापला. त्यांना मी भित्रे म्हणत नाही. बाविसेक घरांची चूल त्या परवान्यावर आहे.

ही सवय आता परदेशी पैशापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केलं. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार त्यात सरकारला आहे, म्हणजे विषय थेट आमचा. तरी मी ज्या संस्थांचे हिशोब बघते त्यांपैकी एकीनेही लेटरहेडवर हरकत पाठवली नाही. माझी गेली ती माझ्या नावाने, घरच्या पत्त्यावरून.