डॅनियल बूनच्या घराण्याचा शोध : जुन्या तारखा आणि क्वेकरांची दप्तरे

अमेरिकेत कंबरलंड खिंडीतून केंटकीत वसाहतवाल्यांची वाट पाडणाऱ्या डॅनियल बूनची दहा मुले मागच्या टप्प्यात वंशावळीच्या तक्त्यात बसवून झाली होती. या वेळी मी उलट दिशेने, त्याच्या वडिलांकडे आणि आजोबांकडे वळलो. आजोबा जॉर्ज बून यांचा जन्म १६६६ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, एक्सेटर शहराजवळच्या स्टोक गावी झाला. ते विणकर होते आणि पत्नी मेरी मॉग्रिज यांच्यासह ब्रॅडनिंच येथे राहत. आधी थोरल्या मुलांना पेन्सिल्व्हेनियात पाठवून मग १७१७ मध्ये ते स्वतः उरलेल्या कुटुंबासह फिलाडेल्फियाला उतरले.

माझा बहुतेक वेळ तारखांनी घेतला. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत ज्युलियन हे जुने पंचांग पाळत आणि वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यात बून घराणे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. महिन्यांची रोमन देवतांवरून पडलेली नावे टाळून क्वेकर महिन्यांना क्रमांक देत, आणि त्या काळी त्यांचा पहिला महिना मार्च असे. डॅनियलचे वडील स्क्वायर बून आणि वेल्श कुळातल्या सारा मॉर्गन यांचा विवाह पेन्सिल्व्हेनियातल्या ग्वेनेड येथील क्वेकरांच्या सभागृहात १७२० च्या ‘सातव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी’ झाला. काही वंशावळींत ही तारीख २३ जुलै अशी उतरली आहे, परंतु सातवा महिना म्हणजे सप्टेंबर. माझ्याही जुन्या तक्त्यात जुलैच होता. तो मी दुरुस्त केला.

घराण्यातल्या जेम्स बून यांनी १७८८ मध्ये लिहून ठेवलेली वंशावळ या कामात फार उपयोगी पडली. स्क्वायर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १६९६ रोजी, आठवड्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी बाराच्या आधीच्या तासात झाला, असे तीत म्हटले आहे. चौथा दिवस म्हणजे बुधवार. ही तारीख ग्रेगरियन, म्हणजे आजच्या पंचांगाची, धरली तर रविवार येतो. ज्युलियन धरून दहा दिवस मिळवले की ५ डिसेंबर येते आणि तो दिवस बुधवारच आहे. ज्या नोंदीत तारीख आणि वार एकमेकांना असा दुजोरा देतात, तिच्यावर मी निर्धास्तपणे विसंबतो. इथे एक काळजी घ्यावी : सतराव्या शतकात दोन्ही पंचांगांतला फरक दहा दिवसांचा होता, १७०० नंतर तो अकरा दिवसांचा झाला. म्हणूनच डॅनियलचा २२ ऑक्टोबर १७३४ हा जन्मदिवस नव्या पद्धतीने २ नोव्हेंबर होतो, जरी तो स्वतः आयुष्यभर ऑक्टोबरचीच तारीख सांगत असे. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना हा हिशेब नवा नाही. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या पद्धतीचीच आहे आणि शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ग्रेगरियन मोजणीने १६ जूनला येते.

क्वेकरांच्या मासिक सभांच्या कार्यवृत्तांबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटू लागला आहे. कौटुंबिक टिपणे सहसा चांगले तेवढे जपतात. सभेच्या वह्या मात्र चुकांचीही नोंद ठेवतात, आणि वंशशोधकाला नेमके तेच हवे असते. थोरली मुलगी सारा हिने १७४२ मध्ये पंथाबाहेर लग्न केले, तेव्हा स्क्वायर यांनी सभेपुढे चूक कबूल केली. पुढे १७४७ मध्ये मुलगा इझ्रायल यानेही पंथाबाहेरची मुलगी केली, परंतु या वेळी वडील नमले नाहीत आणि १७४८ मध्ये सभेने त्यांना पंथातून काढले. दोनच वर्षांनी कुटुंब पेन्सिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या याडकिन खोऱ्याकडे निघाले. या बहिष्कारामुळेच ते निघाले असे मी लिहिणार नाही, कारण दक्षिणेकडची स्वस्त जमीन त्या काळी अनेकांना ओढत होती. तरी दोन्ही घटना तक्त्यात शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही.

नावांची पुनरावृत्ती हीदेखील मोठी अडचण आहे. डॅनियलचे आजोबा, आजोबांचे वडील आणि डॅनियलचा थोरला काका हे तिघेही जॉर्ज. डॅनियलचे वडील स्क्वायर आणि धाकटा भाऊही स्क्वायर. हे विशेषनाम आहे, पदवी नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ चुका टळतात. प्रत्येक व्यक्तीपुढे जन्मवर्ष लिहिण्याची सवय मी आता लावून घेतली आहे.

इतिहाससंग्राहक लायमन ड्रेपर यांनी १८५१ मध्ये डॅनियलचा धाकटा मुलगा नेथन याच्याकडून घेतलेल्या आठवणीही वाचतो आहे. नेथनचा जन्म १७८१ चा असल्यामुळे थोरला भाऊ जेम्स १७७३ मध्ये मारला गेला ती हकीकत त्याने घरात ऐकलेली, डोळ्यांनी पाहिलेली नव्हे. म्हणून तशा नोंदींना तक्त्यात मी वेगळी खूण करतो.

शेवटची नोंद नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉक्सव्हिलजवळच्या जोप्पा दफनभूमीतल्या स्क्वायर यांच्या शिळेची. तिच्यावर २ जानेवारी १७६५ ही तारीख आणि ‘वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी’ असा मजकूर आहे. १६९६ च्या नोव्हेंबरपासून मोजले तर तेव्हा अडुसष्ट वर्षे पूर्ण होऊन एकोणसत्तरावे चालू होते. शिळा आणि जेम्स बून यांची १७८८ ची वंशावळ इथे जुळतात, त्यामुळे स्क्वायर यांच्या जन्मतारखेपुढचे प्रश्नचिन्ह मी आज काढले.